कोणतं श्रीरामपूर?

"नगरचं श्रीरामपूर का?"

खिडकीपलीकडच्या कारकुनाने माझं प्रमाणपत्र उजेडात धरलं, मागूनपुढून पाहिलं आणि हा प्रश्न विचारला. गोष्ट १९९७ची. बारावीनंतर पाच वर्षं घासून मी बी.डी. केलं होतं, म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, आमच्या भाषेत ईश्वरविज्ञान. आता तत्त्वज्ञानात एम.ए. करायचं डोक्यात होतं, म्हणून एका विद्यापीठाच्या पात्रता विभागासमोर उभी होते. प्रमाणपत्रावर ठळक अक्षरांत 'सेनेट ऑफ सेरामपूर कॉलेज'. साहेबांना श्रीरामपूर म्हटल्यावर ऊस आणि कारखाने आठवले, त्यात नवल काय.

"नाही हो, बंगालमधलं. हुगळीच्या काठचं."

"बरं. पण बाई, हे तर कॉलेज आहे. कॉलेज डिग्री देत नसतं. कॉलेज शिकवतं, डिग्री विद्यापीठ देतं. विद्यापीठाचं सर्टिफिकेट आणा."

खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. १८५७ साली मुंबई, मद्रास आणि कलकत्ता विद्यापीठं निघाली तेव्हापासून आपल्याकडे हीच रीत आहे. मुंबईचं विल्सन कॉलेज मिशनऱ्यांनी काढलेलं, १८३२ पासूनचं, म्हणजे मुंबई विद्यापीठापेक्षा पंचवीस वर्षांनी जुनं. तरी तिथल्या पोरांना पदवी विद्यापीठच देणार. मिशनने इमारत बांधायची, प्राध्यापक आणायचे, आणि शिक्का सरकारचा. मग हे कुठलं कॉलेज, जे स्वतःच शिक्का मारतं?

घरी येऊन पपांना सांगितलं. पपा चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते, त्यांचंही बी.डी. सेरामपूरचंच. त्यांचं प्रमाणपत्र ट्रंकेत, लग्नाच्या कोटाखाली, घडीवर फाटत आलेलं. ते शांतपणे म्हणाले, "आपल्याला राजाची सनद आहे, सांग त्यांना." मी सांगायला गेले नाही. त्या खिडकीत डेन्मार्कच्या राजाचं नाव घेतलं असतं तर मला सरळ दुसऱ्याच विभागात पाठवलं असतं. फाईल तीन महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. मग मी नाद सोडला आणि मुकाट्याने बहिःस्थ बी.ए. केलं.

पण तो प्रश्न डोक्यात राहिला. पुढे मिळेल ते वाचत गेले. ज्या संस्थेच्या नावाने मी पाच वर्षं परीक्षा दिल्या, ती नेमकी कोणाच्या मालकीची आहे हे मला वर्गात कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

सुरुवात अगदी साधी आहे. विल्यम केरी हा जोडे शिवणारा इंग्रज १७९३ साली बंगालमध्ये आला. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. धर्मावरून लोक बिथरले तर व्यापार बुडेल ही धास्ती. १७९९ मध्ये जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड येऊन पोचले ते कंपनीच्या हद्दीत उतरलेच नाहीत. कलकत्त्यापासून थोड्या अंतरावर, हुगळीच्या पश्चिम काठावर, डेन्मार्कची छोटीशी वसाहत होती. कागदोपत्री फ्रेडरिक्सनागोर, लोकांच्या तोंडी श्रीरामपूर, इंग्रजांच्या तोंडी सेरामपूर. डॅनिश गव्हर्नरने आसरा दिला. १० जानेवारी १८०० रोजी केरीही तिथे आला. एक चांभार, एक शाळामास्तर, एक छापखानेवाला. तिघांची मिळकत एकाच पेटीत. कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरीला पगार मिळे, मार्शमन नवराबायकोच्या शाळा चालत, वॉर्डचा छापखाना चाले. खाण्यापुरतं काढून बाकी सगळं मिशनला.

इथे आपला म्हणजे मराठीचा संबंध येतो, आणि तो मला कोणत्याही सनदेपेक्षा जवळचा वाटतो. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं, कंपनीला मराठी समजणारे, मोडी वाचणारे अधिकारी हवे होते, आणि ते घडवायचं काम केरीच्या गळ्यात पडलं. वैजनाथ पंडितांना हाताशी धरून त्याने १८०५ साली मराठीचं व्याकरण काढलं आणि १८१० साली कोश. कोशासाठी मोडीचे खिळे पाडले. तोपर्यंत बोरूने लिहिल्या जाणाऱ्या अक्षराला शिशाचा साचा मिळाला तो पुण्यात नाही, मुंबईत नाही, हुगळीच्या काठी. मधे १८१२ मध्ये छापखाना जळाला, हस्तलिखितं, कागद, सगळं गेलं. केरी साठीचा नव्हता झाला अजून, पुन्हा बसला लिहायला.

कॉलेज निघालं १८१८ मध्ये. १५ जुलैला जाहीरनामा छापला. त्याचं नाव लांबलचक आहे, पण त्यातला एक शब्द मला फार आवडतो. आशियातल्या 'ख्रिस्ती आणि इतर' तरुणांना पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान शिकवण्यासाठीचं कॉलेज. इतर! मिशनच्या पैशाने चालणाऱ्या कॉलेजात पहिल्या वर्षी ३७ मुलं आली, त्यात ख्रिस्ती होती आणि हिंदूही होती. संस्कृत शिकवलं जाई, खगोल शिकवलं जाई.

मग व्हायचं तेच झालं. पैसे देणाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली. वॉर्ड वर्गणी गोळा करायला इंग्लंड-अमेरिकेत गेला होता. अमेरिकेतल्या दात्यांनी पैसे दिले, पण अट घातली: हे फक्त धर्मशिक्षणासाठी, विज्ञान शिकवायला यातला पैसा वापरायचा नाही. केरी चिडला. त्याने उत्तर पाठवलं त्याचा मथितार्थ असा की इतका संकुचितपणा मी कधी ऐकला नाही, तुमच्याकडे धर्मोपदेशक घडवता ते काय विज्ञानाशिवाय घडवता? देणगीदाराला असं लिहायला छाती लागते. आमच्या सेमिनरीच्या, म्हणजे मी शिकले त्या पाळक घडवणाऱ्या कॉलेजच्या, कमिटीतला कोणी असं लिहील याची मी कल्पनाही करू शकत नाही; आमच्याकडे पंखा दिला तरी पात्यावर दात्याचं नाव रंगवतात.

पदवी देण्याचा हक्क आला तो १८२७ मध्ये. मार्शमन युरोपात होता, तो कोपनहेगनला गेला. २३ फेब्रुवारीला डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने सनद दिली. कॉलेज म्हणजे एक कायमस्वरूपी संस्था, तिला मालमत्ता बाळगता येईल, आणि तिचं काउन्सिल इतर विद्यापीठांप्रमाणे पदव्या देऊ शकेल. पहिल्या काउन्सिलवर माणसं किती? तीन. केरी, मार्शमन आणि मार्शमनचा मुलगा जॉन क्लार्क. वॉर्ड १८२३ मध्ये पटकीने गेला होता. बाप आणि लेक एकाच काउन्सिलवर! आज कोणी असं केलं तर आपण त्याला काय म्हणू ते सांगायला नको.

आणि याच वर्षी, १८२७ मध्येच, सेरामपूरवाल्यांची, त्यांना इथे पाठवणाऱ्या लंडनच्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीशी फारकत झाली. भांडण श्रद्धेचं नव्हतं, मालकीचं होतं. लंडनच्या कमिटीचं म्हणणं, मिशन आमचं, म्हणजे तिथली घरंदारं आमची, हिशोब आम्हाला दाखवा. सेरामपूरवाल्यांचं म्हणणं, आम्ही स्वतः कमावून हे उभं केलं, तुम्ही दिलं त्याहून आम्ही जास्त घातलं, तुम्ही कोण विचारणार? दोघांचंही काही अंशी बरोबर होतं, म्हणूनच ते मिटायला दहा वर्षं लागली. १८३७च्या डिसेंबरात लंडनमध्ये समझोता झाला. म्हातारा मार्शमन त्याच आठवड्यात सेरामपूरला वारला, त्याला तो कळलाच नाही.

मला वाटतं, सनदेचं खरं मोल इथे आहे. राजाने त्यांना मोठेपणा दिला वगैरे ठीकच. पण लंडनच्या कमिटीला हात लावता येणार नाही अशी एक वेगळी जागा त्या कागदाने तयार केली. मिशन सोसायटीचं असेल, कॉलेज काउन्सिलचं.

१८३३ मध्ये काउन्सिलने नियम छापले. त्यातले दोन मी पुन्हा पुन्हा वाचते. एक, जात, रंग किंवा देश यांवरून कोणालाही प्रवेश नाकारला जाणार नाही. दुसरा, मास्टरपासून अगदी खालच्या विद्यार्थ्यापर्यंत कोणालाही लग्नामुळे कुठल्याही पदाला मुकावं लागणार नाही. आज हा नियम वाचून हसू येतं, पण त्या काळी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या फेलोंना लग्न केलं की फेलोशिप सोडावी लागे. विद्यार्थी कुठल्याही पंथाचा किंवा धर्माचा चालेल, शिकवणारा मात्र ख्रिस्ताचं देवत्व मानणारा हवा, असंही त्याच नियमांत आहे. दार सगळ्यांना उघडं, किल्ली आपल्यांकडे. चर्चने चालवलेल्या बहुतेक संस्थांचं गणित आजही हेच असतं, फक्त इतक्या स्पष्टपणे कोणी छापत नाही.

आता खरी गंमत. सनद मिळाली, नियम झाले, खांबांची भव्य इमारत तर १८२१लाच झाली होती. पदव्या किती दिल्या? एकही नाही. केरीच्या हयातीत नाही, मार्शमनच्या नाही. १८३० मध्ये कलकत्त्याची पामर कंपनी बुडाली, पुढे तिच्यासारख्या आणखी पेढ्या बुडाल्या, आणि मिशनचा तिथे ठेवलेला पैसा बुडाला. केरी १८३४ मध्ये गेला. १८४५ मध्ये डेन्मार्कने दक्षिणेतल्या आपल्या तरंगंबाडी वसाहतीसह सेरामपूर ईस्ट इंडिया कंपनीला साडेबारा लाख रुपयांना विकून टाकलं. गाव विकलं, पण विक्रीच्या तहात एक कलम घातलं की कॉलेजला राजाने दिलेले हक्क तसेच राहतील. ते कलम घालायला ज्याने कोणी आठवण ठेवली त्याचे माझ्यावर, पपांवर आणि हजारो पाळकांवर उपकार आहेत. एका ओळीच्या विसराळूपणाने सगळं संपलं असतं.

पुढे कॉलेज मिशनरी सोसायटीकडे गेलं, कलकत्ता विद्यापीठाला जोडलं गेलं आणि इतर कॉलेजांसारखं मुलांना विद्यापीठाच्या परीक्षेला बसवू लागलं. १८८३ मध्ये कॉलेजचे वर्गच बंद केले. सनद कपाटात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज हॉवेल्स नावाचे प्राचार्य आले आणि त्यांनी ती बाहेर काढली. त्यांना दिसलं की देशभरात प्रत्येक मिशनची आपापली छोटी सेमिनरी आहे आणि कोणालाही मान्य होईल अशी पदवी नाही. आपल्याकडे तर पदवीचा हक्क पडून आहे. १९१५ साली पहिल्या बी.डी. दिल्या गेल्या. सनदेनंतर ८८ वर्षांनी.

पण एकट्या बॅप्टिस्टांच्या काउन्सिलने दिलेली पदवी अँग्लिकन का घेतील? लुथरन का घेतील? म्हणून १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळात सेरामपूर कॉलेज अ‍ॅक्ट झाला. काउन्सिल वाढलं, बाकीच्या पंथांना जागा मिळाली, आणि सेनेट नावाची नवी गोष्ट जन्माला आली. तेव्हापासूनची वाटणी साधारण अशी: मालमत्ता आणि सनद काउन्सिलकडे, ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक्रम आणि परीक्षा सेनेटकडे. त्यामुळे एकाच आवारात दोन संसार चालतात. आर्ट्स, सायन्स, कॉमर्सची मुलं कलकत्ता विद्यापीठाची. ईश्वरविज्ञानाची मुलं सेनेटची. कारकुनाला मी हे समजावलं असतं तर त्याने मला पाणी विचारलं असतं.

सेनेटला आज देशभरातली सेमिनरी-कॉलेजं जोडलेली आहेत. पुण्यात आहेत, बंगळूरला आहे, कोट्टयमला मार थोमा आणि ऑर्थोडॉक्स अशा दोन्ही चर्चची आहेत, आसामात जोरहाटला आहे, श्रीलंकेतही आहे. बाप्तिस्मा बाळाला द्यावा की मोठेपणी, यावर ज्यांचं शेकडो वर्षं पटलेलं नाही, ते एकच प्रश्नपत्रिका सोडवतात.

याची किंमत मला तिसऱ्या वर्षी कळली. आमच्या सेमिनरीचं, नाव घेत नाही, व्यवस्थापन दोन मंडळींच्या, म्हणजे दोन चर्चसंस्थांच्या, हातात होतं. प्राचार्यपदावरून वाद पेटला आणि दोन्ही बाजूंनी आपापला प्राचार्य नेमला. ऑफिसच्या दाराला दोन कुलपं लागली, एकाखाली एक. एकाने किल्ली लावून उपयोग नाही, दुसरा आल्याशिवाय दार उघडायचं नाही. महिनाभर आम्ही व्हरांड्यात ग्रीक व्याकरण शिकलो. मेसचा किराणा कोणाच्या सहीने आणायचा यावर मीटिंगा झाल्या. एका सरांना पगारच मिळेना, कारण ज्याने सही केली त्याला दुसरा मानत नव्हता. कोर्टात कोण जाणार यावर पैजा लागत होत्या, आणि रविवारी हेच सगळे जण एका टेबलाशी प्रभुभोजन घेत होते.

परीक्षा मात्र झाली. प्रश्नपत्रिका सेरामपूरहून आल्या, लाखेचं सील लावलेल्या. केंद्रप्रमुख म्हणून दुसऱ्या गावचे एक पाळक आले, दोन्ही प्राचार्यांपैकी कोणाचेच नसलेले. त्यांनी आमच्यासमोर सील फोडलं, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि एक शब्द न बोलता तीन तास बसून राहिले. उत्तरपत्रिकेवर नाव नाही, फक्त नंबर. त्या तीन तासांत आमच्या कुलपांना काही अर्थ नव्हता. आमच्या डोक्यावरचं छप्पर ज्यांचं होतं ते भांडत होते, पण आमचे गुण त्यांच्या हातात नव्हते. त्या दिवशी इब्रीचा, म्हणजे हिब्रूचा, पेपर मला अवघड गेला, ती गोष्ट वेगळी.

सेनेट म्हणजे देवदूतांची बैठक असते असं मी म्हणत नाही. तिथेही माणसंच बसतात, आणि कुठल्या मंडळीचा माणूस कुठल्या खुर्चीवर, ही मोजदाद आपल्या लोकांना जन्मजात येते. निकालाला उशीर झाला की आम्हीही सेरामपूरच्या नावाने बोटं मोडत असू. पण किल्ली आणि गुणपत्रिका एका हातात नसावी, एवढं मला कळलं ते पुस्तकातून नाही.

सेरामपूर मी प्रत्यक्ष पाहिलं ते पपा गेल्यानंतर. बराकपूरहून होडीने हुगळी ओलांडून गेले. गेले ती रविवारी, हा शहाणपणा माझाच. फाटकातून उंच खांब पाहिले, सेंट ओलाव्ह चर्चच्या दर्शनी भागावरची डॅनिश राजाची मोहोर पाहिली, आणि परत होडीत बसले. सोमवारी पुन्हा गेले. आत दोन्ही बाजूंनी वर जाणारा ओतीव लोखंडाचा जिना आहे. त्यावर पाय ठेवला की घुमल्यासारखा आवाज होतो. कॉमर्सची दोन मुलं मोबाईलवर काहीतरी बघत माझ्या शेजारून धडधडत वर गेली. मी पपांच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स पर्समध्ये नेली होती. कशासाठी ते सांगता येणार नाही, कोणाला दाखवायची नव्हती.

गेल्या महिन्यात मुलाच्या एका शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म भरत होतो. आईचं शिक्षण. पदवी निवडा. विद्यापीठ निवडा. यादी उघडली, अगदी शेवटपर्यंत खाली गेलो. नाही. मुलगा म्हणाला, "मम्मी, 'इतर' टाकू?"

टाक म्हटलं. 'इतर' निवडल्यावर एक रिकामी चौकट उघडली. त्याने टाइप केलं, पण चौकटीत तेवढीच अक्षरं मावत होती, पुढची घेईना. त्यामुळे सरकारदरबारी माझं विद्यापीठ सध्या 'सेनेट ऑफ सेरामपूर कॉ' असं नोंदलेलं आहे.